जवारीचं सूत

मिस्त्रींकडे गाडी न्यायची म्हणजे तक्रार तीनदा सांगावी लागे. गिऱ्हाईक शेडच्या तोंडाशी उभं राहून म्हणायचं, "मागून आवाज येतोय." मिस्त्री हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे एकटक बघायचे आणि म्हणायचे, "पुन्यांदा सांगा." गिऱ्हाईक तेच वाक्य जरा मोठ्याने, जरा चिडून सांगायचं. "आनि एकदा." तिसऱ्या वेळी मात्र माणूस हमखास काहीतरी नवीन बोलायचा. मेव्हण्याने गाडी नेली होती, पुलाच्या खड्ड्यात चाक आदळलं होतं, तेल बदलायचं राहून गेलं होतं. मग मिस्त्री उठायचे आणि गाडीखाली जायचे.

"पयल्यांदा मानूस लपवून सांगतोय," ते म्हणत. "दुसऱ्यांदा निम्मं सांगतोय. तिसऱ्यांदा कटाळतोय आन् खरं बोलतोय."

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. बातमीची खातरजमा करताना हा नियम वापरून पाहिला. उपयोगी पडतो.

शेड सांगली-मिरज रस्त्याला, हळदीच्या गोदामांच्या मागे होती. पत्र्यावर एक पाटी: 'गाडीचा आवाज ऐकून दुरुस्ती केली जाईल.' खाली नाव नव्हतं. मिस्त्रींचं वय पंचावन्नच्या आसपास, बांधा काटक, दाढी बारीक कातरलेली. कपडे पांढरे. इंजिनखाली झोपणारा हा माणूस रोज पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून कामाला येई. कारण विचारलं तर म्हणे, "काळ्या कापडावर तेल गळल्यालं दिसत न्हाई." संध्याकाळी ते स्वतःच्या सदऱ्याकडे बघून दिवसभराच्या गळत्या सांगू शकत.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. कधी शिकलेच नाहीत. सायकलही हातात धरून चालवत नेत. ट्रक असो वा जीप, मालकाने चालवायची आणि मिस्त्रींनी शेजारी बसायचं.

त्यांचं घराणं मिरजेचं, तंबोरे आणि सतारी करणारं. भाऊ अजूनही भोपळे कोरत आणि तारांखालच्या घोड्या घासत होते. मिस्त्री तरुणपणी लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये भरती झाले आणि परत आले ते इंजिनं घेऊनच. घरातून त्यांनी एकच वस्तू आणली होती. तुणाच्या लाकडाची हातभर काठी, एका फुकट गेलेल्या तंबोऱ्याच्या दांडीची. तिचं एक टोक ते फिरत्या यंत्रावर टेकवत, दुसरं पुढच्या दातांत धरत आणि डोळे मिटत. सांगलीतले बाकीचे मेकॅनिक असं ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावत. मिस्त्री काठी चावत. बघ्यांना ते नाटक वाटे. एकाने तोंडावर विचारलंही.

"कान दोनच हायत," मिस्त्री म्हणाले. "दात बत्तीस हायत."

ही काठी आणि ती पाटी यांच्यावर त्यांचा धंदा उभा होता. म्हणूनच हळदीच्या ट्रकाचं प्रकरण त्यांना महागात पडलं.

ट्रक एका अडत्याचा होता. भरघोस मिशा, भरघोस आवाज. मिस्त्रींनी काठी लावून ट्रकाचा मागचा आस ठीक असल्याचं सांगितलं, आणि पंधरा दिवसांनी वडूजच्या अलीकडे डिफरन्शियल जागच्या जागी जाम झालं. हळदीची पोती दोन दिवस माळावर पडून राहिली. तेव्हापासून अडत्या भेटेल त्याला सांगत होता, "मिस्त्रीचा कान गेलाय. तोंडात काठी धरून काय ऐकतोय, डोंबल?" शेडमधली गर्दी कमी झाली. 

अशा दिवसांत कॅप्टनसाहेब आपली गाडी घेऊन आले.

कॅप्टनसाहेब रहिमतपूरकडचे. उसाचं रान, तोफखान्यात नोकरी, निवृत्तीनंतर साताऱ्यात घर. गाडी विलायती, दोन माणसांची, उघडी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. वीसेक वर्षांची असेल. पुण्यात कुणीतरी विकायला काढली तेव्हा त्यांनी ती घेतली होती आणि सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी तिच्यातून फिरवली होती. ती सांगलीत शिरली की आधी ऐकू येई. मागच्या चाकांमधून एक उंच, रडका सूर निघे, वेगाबरोबर चढत जाणारा. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की सूर बदलून घोगरा होई. गिअर टाकताना मागे ठण्ण आवाज होई.

कॅप्टनसाहेबांनी तक्रार तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा कबूल केलं, की असाच आवाज करत ती सहा महिने चालवली.

मिस्त्रींनी जॅक लावला, चाकं फिरवली, काठी दातांत धरली. मिनिटभराने काठी काढून म्हणाले, "जोडी अजून जित्ती हाय. बेअरिंग मेलंय."

ही जोडी म्हणजे डिफरन्शियलच्या पोटातली दोन दातेरी चाकं. इंजिनाकडून येणारा लहान पिनियन आणि त्याने फिरणारं मोठं क्राउन. इंजिनाची ताकद काटकोनात वळवून मागच्या चाकांना देण्याचं काम या दोघांचं. पिनियनमागचं बेअरिंग झिजलं होतं, त्यामुळे पिनियन जागा सोडून दातावर चुकीच्या ठिकाणी दात घासत होता. तसंच चालवत राहिलं तर दात खाल्ले जाणार. आणि परदेशी सुटे भाग मागवायला तेव्हा परवाना लागे. दुसरी जोडी मिळणार नव्हती. ही गेली, की गाडी अंगणात शोभेला.

अडत्या तिथेच उभा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकाबरोबर आला होता.

"ह्या गाडीचा आवाज बंद केलासा तर मानू," तो म्हणाला.

"पुन्यांदा सांगा."

"ह्या गाडीचा आवाज बंद करून दावा म्हन्तो!"

"आनि एकदा."

"न्हाई झाला तर ती पाटी उतरवा!" अडत्या ओरडला. हेच त्याला म्हणायचं होतं.

मिस्त्रींनी पाटीकडे पाहिलं. "उतरवतो," ते म्हणाले. "आवाज ऱ्हायला तर मिरजेला जाऊन भावाच्या हाताखाली घोड्या घासतो. पुन्हा गाडीला हात लावनार न्हाई."

"पन ऐकनार कोन?" अडत्या म्हणाला. "तुमचा कान आमी धरत न्हाई. साहेबांचा कान तर तोफेनं नेलाय."

कॅप्टनसाहेबांचा डावा कान खरोखरच अधू होता. ते हसले. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी हळदीच्या बाजारभावाची माहिती घ्यायला गोदामात आलो होतो आणि गर्दी बघून थांबलो होतो.

"पेपरवाल्यास्नी ऐकू द्या," मिस्त्री म्हणाले. "त्येंच्या कानाला काय देनं-घेनं न्हाई."

अशी माझी नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवशी गाडीचा मागचा आस उघडला. काळं, चमचमणारं तेल परातीत उतरलं. ती चमक धातूच्या चुऱ्याची होती. मिस्त्रींनी एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर मांडला. जोडीखेरीजच्या लहान दातेरी चाकांमागच्या चकत्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. त्यांना धरणाऱ्या आडव्या पिनेला नखाला लागेल इतकी खाच पडली होती. पण क्राउनचे दात शाबूत होते. मिस्त्रींनी ते एकेक करून अंगठ्याने चाचपले. एकेचाळीस. शेवटच्या दातावर अंगठा पोचला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि शेडमध्ये एक चक्कर मारून आले. इतकं खूश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

"जागचं हलल्यात, पन चावलं न्हाईत," ते म्हणाले. "जमतंय."

मापाला जुळणारं बेअरिंग जीपच्या सुट्या भागांत मिळालं. चकत्या काशाच्या करून घेतल्या. उरलं एक पोलादी कडं. पिनियनच्या डोक्यामागे बसतं ते. त्या कड्याच्या जाडीवर पिनियन किती आत बसणार ते ठरतं. नव्या बेअरिंगबरोबर जुनं कडं अगदी किंचित जाड पडत होतं. ते लेथवर किंचित उतरवायचं होतं, एवढंच.

सांगलीतला मिस्त्रींचा नेहमीचा टर्नर गावच्या जत्रेला गेला होता. चार दिवसांनी येणार होता. कॅप्टनसाहेबांना चार तास निघत नव्हते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या ओळखीचा एक चांगला टर्नर होता. आम्ही तिघं त्यांच्या जीपमधून निघालो. मिस्त्रींनी कडं रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

त्या शेडमध्ये तीन लेथ एकदम चालू होते. टर्नर तिशीचा, कामात चपळ. मिस्त्रींनी कडं त्याच्या हातात दिलं. "ह्यातलं एक सूत काढा."

टर्नरने कडं लेथच्या चकमध्ये धरलं, आमच्याकडे पाठ करून वाकला आणि मान न वळवता विचारलं, "एक सूत?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"आख्खं सूत?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"बघा हं. सूतच म्हनालासा न्हवं?"

मिस्त्रींनी तिसऱ्यांदा मान हलवली. टर्नरने ओझरतं मागे बघितलं, हलणारी मान पाहिली आणि हत्यार लावलं. पोलादाच्या निळसर कुरळ्या साली पायाशी पडू लागल्या. फार पडू लागल्या. मिस्त्री पुढे झाले तोवर काम संपलं होतं.

त्यांनी गरम कडं हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि तसेच उभे राहिले.

"ह्ये सूत न्हवं," ते म्हणाले.

"आवं, सूत म्हंजे सूत. एका इंचात आठ." टर्नरने पट्टी काढून दाखवली. त्याचं बरोबर होतं. देशातल्या कुठल्याही सुताराला, गवंड्याला, टर्नरला विचारलं तर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मिस्त्रींनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटं रीळ काढलं, पांढऱ्या सुती दोऱ्याचं. बोटभर तुकडा तोडून त्यांनी टर्नरच्या तळहातावर ठेवला. "आमच्यात ह्याला सूत म्हन्त्यात."

तंबोऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते तिथे कारागीर तारेखाली असा दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला, की मुकी तार खुलते आणि गुंजायला लागते. याला जवारी लावणं म्हणतात. मिस्त्रींच्या घरात लहानपणापासून सर्वांत बारीक माप हेच, जवारीचं सूत. सांगलीच्या टर्नरला ते पंधरा वर्षांपासून पाठ होतं. साताऱ्याच्या टर्नरला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"ह्याला सूत म्हन्त्यात व्हय?" टर्नर पांढराफटक पडला. "मग मी तीन-तीनदा इचारलं तवा मान कशाला हलवलीसा?"

 कॅप्टनसाहेब पाय आपटत बाहेर गेले. मी मिस्त्रींकडे बघत होतो. टर्नर बोलला तेव्हा त्याची पाठ आमच्याकडे होती. त्याचे ओठ दिसत नव्हते. तक्रार तीनदा का सांगायची, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक का बघायचं, काठी कानाऐवजी दातांत का, हे सगळं त्या तीन लेथच्या गोंगाटात एकदम जागेवर बसलं. अडत्या खरं बोलत होता. मिस्त्रींचा कान गेला होता.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. मी वही खिशात ठेवली.

आणि मग, जणू कुणीतरी कळ दाबली, तसे ते कामाला लागले. आवारातल्या भंगारात एक मोडका ट्रकाचा दांडा पडला होता. त्यांनी त्यावर कानस ओढली, ठिणगी बघितली, पोलाद पसंत केलं. "नवं कडं करू," ते म्हणाले. टर्नरने तोवर तो दोऱ्याचा तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरला होता.

"साडेपाच थाऊ!" तो ओरडला. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साडेपाच. "मिस्त्री, तुमचं सूत साडेपाच थाऊचं हाय! आता बोला, किती सुतं पायजेत?"

मिस्त्रींनी त्याच्या ओठांकडे बघून ऐकलं आणि पहिल्यांदा हसले. "वर तीन सुतं ठेव. ती मी हातानं काढतो."

पुढचे तीन तास त्या शेडमध्ये मिस्त्रींच्याच मापात काम चाललं. टर्नर दर वेळी समोर येऊन, तोंड वर करून विचारी. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाकीचे दोघे लेथ बंद करून बघायला आले. कॅप्टनसाहेबही परत आत आले आणि सगळ्यांना चहा मागवून मोकळे झाले. नवं कडं तयार झालं तेव्हा टर्नरने ते दोन्ही हातांनी मिस्त्रींच्या ओंजळीत ठेवलं.

"ह्येच्यात चूक निघाली तर मी लेथ सोडतो," तो म्हणाला.

"तू कशाला सोडतोस, गड्या? रांगेत आधी मी हाय."

सांगलीत परतल्यावर खरं काम सुरू झालं. मिस्त्रींनी जाड काच घेतली, तिच्यावर बारीक पॉलिशची पूड आणि तेल पसरलं आणि कडं तिच्यावर गोल गोल घासायला सुरुवात केली. भाऊ मिरजेत हाडाची घोडी घासतो तसं. थोडं घासायचं, पुसायचं, पिनियन बसवायचा, क्राउन जोडायचं, तपासायचं, सगळं परत सोडायचं.

तपासणी शेंदराने होई. शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या दातांवर लावायचा आणि चाक हाताने फिरवायचं. दात दाताला जिथे लागेल तिथला शेंदूर पुसला जातो. तो पुसलेला ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाशी पडला तर पिनियन फार आत आहे, कडेला पडला तर फार बाहेर. मिस्त्री हा शेंदूर गणपतीच्या देवळाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून आणत. तिथला दुकानदार त्यांना दर खेपेला विचारी, "मिस्त्री, शेडात मारुती किती बसवलेत?"

"एकच हाय. पन त्याला एकेचाळीस दात हायत."

पहिला ठसा मुळाशी होता. घासलं. दुसराही मुळाशी, पण किंचित सरकलेला. पाचव्या खेपेला ठसा मधल्या दिशेने निघालेला दिसला आणि शेडमध्ये कुजबूज सुरू झाली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीसेक माणसं जमली होती. हमाल, ड्रायव्हर, शेजारचा वेल्डर. कुणालाच डिफरन्शियल कळत नव्हतं, पण ठसा सरकतोय हे सगळ्यांना दिसत होतं. "मधी आला, मधी आला!" "कुठं रं, अजून तांदळाएवढा ऱ्हायलाय." मिस्त्रींचा पांढरा सदरा शेंदराच्या पंज्यांनी भरला होता.

धोका असा, की कडं घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. एक खेप जास्त झाली तर पुन्हा साताऱ्यापासून सुरुवात. दहाव्या खेपेनंतर मिस्त्रींनी रिळातलं सूत काढून कड्याच्या कडेला लावून बघितलं, सूत दुहेरी पिळलं, परत उलगडलं, आणि कडं काचेवर ठेवून फक्त चार वेढे घासलं. चारच. मोजून.

अकरावा ठसा दाताच्या बरोबर मधोमध पडला. लांबट, स्वच्छ, दोन्ही टोकांना निमुळता. मिस्त्रींनी चाक फिरवलं. एकेचाळीस दातांवर एकेचाळीस ठसे, सगळे सारखे. वेल्डरने शिट्टी वाजवली. मिस्त्रींनी क्राउनकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. "ह्ये डोळ्यानं झालं," ते हळूच म्हणाले. "आता ऱ्हायलं ते तुमच्या कानाचं."

परीक्षा खंबाटकी घाटात घ्यायची ठरली. चढाला दाताची एक बाजू दाबली जाते, उताराला दुसरी. घाटात दोन्ही एका दमात कळतात.

आम्ही सकाळी सहाला निघालो. कॅप्टनसाहेब चाकावर, मिस्त्री शेजारी, मी सीटांमागे मिटलेल्या छपरावर आडवा. मिस्त्रींच्या हत्यारांची पेटी कॅप्टनसाहेबांनी मागच्या कॅरिअरवर लष्करी पट्ट्याने आवळून बांधली. अडत्या बघायला आला होता. "पेपरवाले, खरं ऐका," तो म्हणाला.

आष्टा, इस्लामपूर गेलं. पेठ नाक्याला हमरस्त्यावर वळलो आणि कॅप्टनसाहेबांनी पाय दाबला. गाडी तीरासारखी सुटली. उसाच्या गाड्या, एसट्या, झाडांचे पांढरे पट्टे मागे पडत गेले. इंजिन गर्जत होतं, वारा कानात शिरत होता आणि मागे, जिथे आठवड्यापूर्वी रडं होतं, तिथे काही नव्हतं. कऱ्हाड गेलं. सातारा गेलं. मिस्त्रींनी काठीचं एक टोक पायापाशी लोखंडावर टेकवलं होतं, दुसरं दातांत. डोळे मिटलेले.

घाटाचा चढ सुरू झाला. दुसरा गिअर, वळण, तिसरा, वळण. मी मागे झुकून, कान जवळजवळ कॅरिअरला लावून ऐकत होतो. स्वच्छ. माथ्यावर कॅप्टनसाहेब ओरडले, "बोला!"

"काही नाही!"

"आता उतार!"

खंडाळ्याच्या बाजूचा उतार लागला. त्यांनी पाय उचलला, इंजिन शांत झालं, गाडी वेग घेत गेली. आणि मला तो ऐकू आला. बारीक, उंच, सलग सूर. मागून. बरोबर डिफरन्शियलवरून.

 मी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. ते वळले, माझ्या तोंडाकडे बघू लागले.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सांगायला लावलं नाही. काठी दातांतून काढली. पाटी, शेड, मिरज, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एका झटक्यात गेलं. मग त्यांनी काठी पुन्हा लोखंडाला लावली, चावली, आणि भुवया उंचावल्या.

"मला दातात लागत न्हाई. तसाच सूर काढा."

"काय?"

"तोंडानं काढा! जसा येतोय तसा!"

मी तो सूर गुणगुणायला लागलो. त्यांनी काठीचं टोक माझ्या हनुवटीखाली लावलं, दुसरं स्वतःच्या दातांत धरलं. घाटाच्या उतारावर, उघड्या गाडीत, कडेच्या ट्रकवाल्यांनी काय पाहिलं असेल ते असो.

"साहेब, जरा पाय दाबा!" मिस्त्री ओरडले. "पेपरवाले, आता सांगा, सूर बदलला?"

"नाही. तोच आहे."

"सोडा साहेब! आता?"

"तोच."

"ओढतानाबी तोच, सोडतानाबी तोच?" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "मग त्यो दाताचा न्हाई! दाताची कूस बदलली की सूर बदलतोच. थांबवा, थांबवा गाडी!"

कॅप्टनसाहेबांनी कडेला गाडी घेतली. मिस्त्री उडी मारून उतरले, मागे गेले आणि हत्यारांच्या पेटीवरून आवळलेल्या त्या पट्ट्यावर काठी टेकवून बोटाने पट्टा छेडला. दात काठीवर. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"तार हाय ही," ते म्हणाले. "वारा वाजवतोय. कुनी बांधली एवढी ताणून?"

"मीच," कॅप्टनसाहेब म्हणाले.

मिस्त्रींनी पट्टा सोडला, त्याला मधे एक पीळ दिला आणि पुन्हा आवळला. सपाट पट्टा वाऱ्यात गातो, पिळलेला गात नाही. आम्ही गाडी वळवून पुन्हा माथ्यावर गेलो आणि पुन्हा उतरलो. या वेळी पन्नास मैलांच्या वेगाने. मागे फक्त टायरांची सळसळ होती. कॅप्टनसाहेब शेवटच्या वळणापर्यंत हॉर्न वाजवत आले. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

खंडाळ्यात चहाला थांबलो. कॅप्टनसाहेब गाडीभोवती जमलेल्या लोकांना माहिती देण्यात गुंतले. मिस्त्री माझ्या समोरच्या बाकावर बसले, माझं तोंड दिसेल असे.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आधी वरचे सूर गेले. तंबोऱ्याचं कळंना झालं. मग बायकांची बोलनी गेली, मग बाप्यांची. गाड्या तेवढ्या दातात ऱ्हायल्या."

"आणि हळदीचा ट्रक?"

"त्यो दातात कसा लागला त्ये मला आठवतंय. खराब आवाज नव्हता." त्यांनी बशीत चहा ओतला. "छापायचं तर छापा. पन मला तीनदा इचारून छापा."

मी एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपाशी गर्दी होती. अडत्याने मला गाठलं. "काय, आवाज?"

"गाडीला आवाज नाही," मी सांगितलं.

"आन् मिस्त्रीला कान?"

"त्यांनाच विचारा."

मिस्त्री पाठमोरे, एका जीपच्या दातांना शेंदूर लावत होते. अडत्या त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. मिस्त्रींनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. 

"मिस्त्री, खरं सांगा," अडत्या म्हणाला. "तुमचा कान हाय का गेलाय?"

"पुन्यांदा सांगा."

"म्हन्तो, ऐकू येतंय का तुमास्नी?" या वेळी आवाज जरा खाली होता.

"आनि एकदा."

अडत्याने आजूबाजूला पाहिलं. टोपी काढली, परत घातली.

"दुसरा ट्रक बी मागनं आवाज कराय लागलाय," तो म्हणाला. "आन् त्या वडूजच्या वक्ताला... तेल आमीच बघितलं नव्हतं. कोरडाच गेला हुता ट्रक."

मिस्त्रींनी शेंदराचे हात पांढऱ्या सदऱ्याला पुसले आणि काठी उचलली.

"आता ऐकू आलं," ते म्हणाले.